सांडव्यावरचे घड्याळ

2024 या एका वर्षात इंग्लंडमधल्या मलवाहिन्यांचे सांडवे मिळून 36,14,428 तास वाहिले. तेवढा वेळ घराघरांतले मैलापाणी आणि रस्त्यांवरचे पावसाचे पाणी एकत्र होऊन, कोणतीही प्रक्रिया न होता, नद्या, ओढे, खाड्या आणि समुद्रात जात होते. इंग्लंडमध्ये असे सांडवे चौदा हजारांच्या थोडे पुढे आहेत. सरासरी काढली तर प्रत्येक सांडवा वर्षातले दहा दिवस वाहत होता. सरासरीवर जाऊ नये, कारण काही सांडवे वर्षभरात एकदाही वाहिले नाहीत आणि काही हिवाळ्यात आठवडेच्या आठवडे थांबले नाहीत.

आकडा हादरवणारा आहे. पण मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते हे की 2010 साली तो कोणालाच सांगता आला नसता. मलवाहिन्या चालवणाऱ्या पाणी कंपन्यांना नाही, सरकारी यंत्रणेला नाही, नदीकाठी राहणाऱ्यांना तर नाहीच. त्या वर्षी शंभरातल्या जेमतेम सात सांडव्यांवर नोंदयंत्र होते. 2023 संपेपर्यंत सगळ्यांवर बसले. या तेरा वर्षांत नद्या किती सुधारल्या याबद्दल वाद आहे, पुढेही राहील. लपून राहिलेली गोष्ट उघडी पडली, याबद्दल मात्र वाद नाही. या पुस्तकाचा विषय ही उघडी पडलेली गोष्ट आहे. ती कशी मोजली जाते, त्या मोजणीतून काय कळते, काय कळत नाही, आणि कळल्यावर काय करायचे.

आधी सांडवा म्हणजे काय ते पाहू. इंग्लंडमधल्या जुन्या शहरांत संडास-न्हाणीचे पाणी आणि छपरांवरून, रस्त्यांवरून येणारे पावसाचे पाणी एकाच वाहिनीतून जाते. अशा एकत्रित मलवाहिन्यांची लांबी सुमारे एक लाख किलोमीटर आहे. कोरड्या दिवशी वाहिनीत थोडेच पाणी असते आणि ते शुद्धीकरण केंद्राकडे निमूट जाते. जोराचा पाऊस आला की त्याच वाहिनीतले पाणी कित्येक पटींनी वाढते. त्याला वाट दिली नाही तर ते मागे फिरते आणि तळघरांत, संडासाच्या भांड्यांतून, रस्त्यावरच्या झाकणांतून वर येते. म्हणून वाहिनीच्या आत ठरावीक उंचीवर एक कठडा बांधलेला असतो. पाणी त्या उंचीवर गेले की कठड्यावरून पलीकडे सांडते आणि दुसऱ्या नळाने जवळच्या नदीत जाते. धरणाचा सांडवा धरण वाचवतो, हा सांडवा घरे वाचवतो. त्यामुळे सांडवा असणे हा गुन्हा नाही. तो कधी, किती वेळा आणि कोणत्या हवेत वाहतो, यावर सगळे अवलंबून आहे.

ही रचना एकोणिसाव्या शतकातली. लंडनमध्ये 1832 पासून पटकीच्या साथी येत होत्या. 1854 मध्ये जॉन स्नो यांनी ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाकडे बोट दाखवले, तरी पटकी दुर्गंधीतून पसरते हाच समज प्रबळ होता. 1858 च्या उन्हाळ्यात टेम्स इतकी नासली की नदीकाठच्या संसद भवनात बसणे अशक्य झाले. संसदेने घाईघाईने पैसे मंजूर केले आणि जोसेफ बाझलजेट या अभियंत्याने नदीला समांतर, पश्चिमेकडून पूर्वेकडे जाणाऱ्या मोठ्या वाहिन्या बांधल्या. त्यांची लांबी सुमारे 132 किलोमीटर होती. शहरातले मैलापाणी या वाहिन्यांनी मध्येच अडवून पूर्वेला बेक्टन आणि क्रॉसनेस इथे नेले आणि ओहोटीबरोबर समुद्राकडे सोडले. अतिवृष्टीत वाहिन्या भरल्या तर जादा पाणी वाटेतच टेम्समध्ये जावे, अशी सोय त्यात मुद्दाम ठेवली होती. बाझलजेटच्या कामाने लंडनमधली पटकी आटोक्यात आली, हे त्याचे ऋण मोठे आहे. पण घाण शहराबाहेर नेणे म्हणजे ती संपवणे नव्हे, हेही लवकरच दिसले. सप्टेंबर 1878 मध्ये ‘प्रिन्सेस ॲलिस’ ही प्रवासी आगबोट याच मैलापाण्याच्या मुखांजवळ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. त्या भागात थोड्याच वेळापूर्वी मैलापाणी सोडलेले होते. त्यानंतरच्या दशकात, निदान गाळ बाजूला काढून मग पाणी सोडायचे, अशी व्यवस्था आली. मैलापाण्याबद्दलच्या इंग्लंडमधल्या बहुतेक सुधारणा अशाच आल्या आहेत: आधी लोकांचा संताप, मग चौकशी, मग बांधकाम.

सांडवा कधी वाहावा याचे नियम आहेत आणि ते समजायला अवघड नाहीत. शुद्धीकरण केंद्राच्या परवान्यात एक आकडा असतो: दर सेकंदाला किमान इतके लिटर पाणी पूर्ण प्रक्रियेत घेतलेच पाहिजे. हा आकडा ढोबळमानाने कोरड्या दिवसाच्या घरगुती प्रवाहाच्या तिप्पट धरला जातो आणि त्यात जमिनीतून झिरपणारे पाणी मिळवतात. त्याहून जास्त पाणी आले तर ते आधी पावसाळी टाक्यांत साठवायचे. या टाक्यांचे माप माणशी 68 लिटर असे धरण्याची जुनी रीत आहे. टाक्याही भरल्या तरच नदीचा रस्ता. पाऊस थांबल्यावर टाक्यांतले पाणी परत प्रक्रियेत घ्यायचे. म्हणजे केंद्र आपल्या क्षमतेइतके पाणी घेत नसताना सांडवा वाहिला, किंवा पाऊस नसताना वाहिला, तर परवान्याचा भंग. युरोपीय समुदायाच्या 1991 च्या शहरी सांडपाणी निर्देशाचा आणि त्यावरून ब्रिटनने 1994 मध्ये केलेल्या नियमांचा रोखही हाच आहे. ऑक्टोबर 2012 मध्ये युरोपीय न्यायालयाने ईशान्य किनाऱ्यावरच्या व्हिटबर्न आणि लंडनबाबत ब्रिटनला दोषी धरले. प्रक्रिया न केलेले पाणी अपवादात्मक परिस्थितीतच सोडता येते, नेहमीच्या पावसात नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले.

हे सांगायला न्यायालय लागले, कारण अपवाद किती वेळा घडतो हे कोणी मोजतच नव्हते. 2013 मध्ये पर्यावरण मंत्री रिचर्ड बेनयन यांनी पाणी कंपन्यांना पत्र लिहिले आणि 2020 पर्यंत बहुसंख्य सांडव्यांवर नोंदयंत्रे बसवायला सांगितले. त्या एका सरकारी पत्रातून पुढचे सगळे सुरू झाले. 2016 मध्ये 862 सांडव्यांची नोंद आली. पुढे ती दरवर्षी वाढत गेली.

हे यंत्र दिसायला अगदी साधे. कठड्याच्या वर, झाकणाखाली एक सेन्सर टांगलेला असतो. तो आवाजाच्या किंवा रडारच्या लहरी खाली पाठवतो आणि पाण्याची पातळी किती वर आहे ते ओळखतो. पातळी कठड्याच्या वर गेली की वेळ लिहिली, खाली आली की पुन्हा वेळ लिहिली. बॅटरीवर चालणारे यंत्र ही नोंद मोबाइलच्या जाळ्यावरून कंपनीकडे पाठवते. अडचणीही तितक्याच साध्या. सेन्सरवर कोळी जाळे विणतो, वेट वाइप्सचा गुंता अडकतो, बाष्प साचते, किनाऱ्यावर भरतीचे पाणी उलटे आत शिरते आणि यंत्राला वाटते की सांडवा वाहतो आहे. म्हणून प्रत्येक यंत्र वर्षातले किती टक्के दिवस नीट चालले, हेही कंपनीला कळवावे लागते. वार्षिक तक्त्यातला हा रकाना बहुतेक वाचक सोडून देतात. माझी विनंती आहे की तो सर्वांत आधी पाहावा. वर्षातून चार महिने बंद असलेल्या यंत्राने ‘पाच वेळा’ सांगितले, तर त्या पाचाला अर्थ नाही.

आता मोजणीची पद्धत. पर्यावरण नियामक एन्व्हायरन्मेंट एजन्सीचा नियम असा: सांडवा वाहू लागला की पहिल्या 12 तासांत तो कितीही वेळा थांबून पुन्हा वाहिला तरी ती एकच घटना. त्यानंतर प्रत्येक 24 तासांच्या तुकड्यात पाणी सांडले तर आणखी एक. पूर्ण 24 तास कोरडे गेले की मोजणी नव्याने सुरू. म्हणजे दहा मिनिटे वाहिलेला सांडवा एक घटना, आणि सलग सात दिवस वाहिलेला सांडवा आठ घटना. दहा मिनिटांच्या आठ वेगळ्या घटना आणि एका आठवड्याचा अखंड प्रवाह तक्त्यात सारखेच दिसतात. म्हणून घटना आणि तास दोन्ही शेजारी ठेवून वाचायचे. 2023 ते 2024 मध्ये घटना 4,64,056 वरून 4,50,398 वर आल्या, जवळपास तीन टक्के कमी. तास मात्र किंचित वाढले. कोणी फक्त पहिला आकडा घेऊन सुधारणा झाली असे म्हणाले तर त्यांना दुसरा आकडा विचारायला हवा.

तीच काळजी वर्षांची तुलना करताना. 2020 मध्ये 4,03,171 घटना, 2021 मध्ये 3,72,533, 2022 मध्ये 3,01,091 आणि 2023 मध्ये एकदम दीडपटीहून जास्त. 2022 मध्ये कंपन्यांनी अचानक काही चमत्कार केला नव्हता. तो दुष्काळाचा उन्हाळा होता. त्या जुलैत लिंकनशरमधल्या कोनिंग्सबीला पारा 40.3 अंशांवर गेला होता. 2023 मध्ये भरपूर पाऊस पडला. आणि 2016 ते 2023 या काळात आकडा वाढण्यामागे मोठे कारण हे होते की दरवर्षी जास्त सांडव्यांवर यंत्रे बसत होती. आता सगळीकडे यंत्रे आहेत, त्यामुळे यापुढच्या वर्षांची तुलना पहिल्यांदाच खरी तुलना असेल, आणि तीही पावसाचे माप सोबत घेतल्यावरच.

नोंदयंत्राचे हे घड्याळ काय सांगत नाही, ते मला इथे थोडे सविस्तर लिहायचे आहे, कारण वर्तमानपत्रांतल्या मथळ्यांत हे हरवते. ते किती लिटर पाणी गेले ते सांगत नाही. कठड्यावरून बोटभर जाडीचा पाट तासभर वाहिला काय आणि गुडघाभर लोंढा तासभर वाहिला काय, नोंद तासाचीच. पाणी किती घाण होते तेही कळत नाही. मोठ्या पावसाच्या सुरुवातीला वाहिनीच्या तळाशी साचलेला गाळ उखडून येतो, तासा-दोन तासांनी तेच पाणी बरेच पातळ झालेले असते. नदीचे काय झाले हेही कळत नाही. भरून वाहणाऱ्या मोठ्या नदीत सांडलेले पाणी आणि हॅम्पशरमधल्या चुनखडीतून उगवणाऱ्या, नितळ, उथळ ओढ्यात सांडलेले पाणी यांचा परिणाम वेगळा. पण घड्याळ एक गोष्ट नेमकी सांगते: वेळ. आणि वेळेशेजारी त्या दिवसाचा पाऊस ठेवला की नियमभंग आपोआप वर येतो.

ही ताकद प्रथम दाखवली ती ऑक्सफर्डशरमधल्या विंडरश नदीकाठच्या नागरिकांनी. तिथल्या गटात पीटर हॅमंड हे निवृत्त प्राध्यापक होते, ज्यांचे आयुष्य संगणकाच्या शिकण्याच्या पद्धतींवर काम करण्यात गेले होते. त्यांनी माहितीच्या अधिकारात शुद्धीकरण केंद्रांच्या प्रवाहाच्या नोंदी मागवल्या. सांडवा वाहत असताना प्रक्रियेत जाणाऱ्या प्रवाहाचा आलेख विशिष्ट आकाराचा होतो. तो आकार ओळखायला संगणकाला शिकवून त्यांनी 2009 ते 2020 मधल्या दोन केंद्रांच्या नोंदी तपासल्या, आणि कंपनीने न कळवलेले, सांडवा वाहिल्याची खूण असलेले 926 दिवस सापडले. हा शोधनिबंध 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये एन्व्हायरन्मेंट एजन्सी आणि पाणी कंपन्यांचे आर्थिक नियामक ऑफवॉट यांनी शुद्धीकरण केंद्रांची मोठी चौकशी सुरू केली, तेव्हा प्रश्न हाच होता: केंद्रे परवान्याइतके पाणी प्रक्रियेत घेत होती का? सरकारी यंत्रणेने जे काम करायचे ते नदीकाठच्या माणसांनी घरी बसून केले, याचे कौतुक करताना यंत्रणा तोवर काय करत होती हेही विचारले पाहिजे. उत्तराचा एक भाग असा की 2010 च्या सुमारास केंद्रांतून बाहेर पडणाऱ्या पाण्याचे नमुने घेण्याचे काम कंपन्यांवरच सोपवले होते.

त्याचा परिणाम सदर्न वॉटरच्या प्रकरणात दिसला. 2019 मध्ये ऑफवॉटने या कंपनीवर 12.6 कोटी पौंडांची कारवाई केली. नमुना घेण्याच्या दिवशी केंद्रातून पाणी बाहेरच पडू नये अशी व्यवस्था केली जात होती, कधी टँकरने मैलापाणी दुसरीकडे हलवून. पाणी नाही तर नमुना नाही. दोन वर्षांनी, जुलै 2021 मध्ये, कँटरबरीच्या न्यायालयाने याच कंपनीला 9 कोटी पौंडांचा दंड केला. 2010 ते 2015 या काळात केंट, हॅम्पशर आणि ससेक्सच्या किनाऱ्यांवर 6,971 वेळा बेकायदा मैलापाणी सोडल्याचे तिने कबूल केले. एकूण 61,704 तास, आणि पाणी अंदाजे 16 ते 21 अब्ज लिटर. ते पाणी गेले त्या किनाऱ्यांवर शिंपल्यांची शेती चालते. किनाऱ्यावरच्या व्हिट्स्टेबल गावात कालवे हा शेकडो वर्षांचा धंदा आहे. तिथल्या लोकांसाठी हा आकड्यांचा खेळ कधीच नव्हता.

लोकांचा रोष वाढत होता तो अशा ठिकाणांहून. कॉर्नवॉलमध्ये 1990 पासून ‘सर्फर्स अगेन्स्ट सूएज’ ही संस्था समुद्रात जाणाऱ्यांना इशारे देत आली आहे. यॉर्कशरमधल्या इल्कली गावाने व्हार्फ नदीचा एक पट्टा डिसेंबर 2020 मध्ये अधिकृत स्नानस्थळ म्हणून जाहीर करवून घेतला. इंग्लंडमधल्या नदीचा हा पहिलाच पट्टा, आणि पाणी तपासल्यावर ते निकृष्ट ठरले. गावकऱ्यांना ते आधीच माहीत होते. अधिकृत स्नानस्थळ झाल्यावर पाणी नियमित तपासणे सरकारला भाग पडते, म्हणून त्यांनी अर्ज केला होता. जुलै 2022 मध्ये इंग्लंडचे मुख्य वैद्यकीय अधिकारी क्रिस व्हिटी यांनी नियामकांच्या अध्यक्षांबरोबर संयुक्त निवेदन काढून हा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न आहे असे सांगितले. शुद्धीकरण केंद्रांतून बाहेर पडणाऱ्या पाण्यातही जंतू उरतात, हे त्यामागचे कारण बहुतेकांना ठाऊक नसते. नेहमीची प्रक्रिया पाण्यातले सेंद्रिय द्रव्य कमी करते, जंतू मारण्यासाठी ती आखलेली नाही.

कायदा 2021 मध्ये आला आणि त्याचा जन्मही भांडणातून झाला. पर्यावरण विधेयकात कंपन्यांवर सांडवे कमी करण्याचे थेट बंधन घालावे, अशी दुरुस्ती ड्यूक ऑफ वेलिंग्टन यांनी वरिष्ठ सभागृहात आणली. ऑक्टोबरमध्ये कनिष्ठ सभागृहाने ती 265 विरुद्ध 202 मतांनी फेटाळली. पुढच्या काही दिवसांत खासदारांच्या मतदारसंघांत जे उसळले ते पाहून सरकारने स्वतःची सौम्य दुरुस्ती आणली. त्या कायद्याने कंपन्यांवर दोन महत्त्वाची कामे टाकली. एक, सांडवा वाहू लागल्यापासून तासाभरात ते जाहीर करायचे. हे कलम 1 जानेवारी 2025 पासून लागू आहे. त्याआधी, जानेवारी 2023 मध्ये, टेम्स वॉटरने आपल्या सांडव्यांचा थेट नकाशा लोकांसाठी खुला केला होता आणि नोव्हेंबर 2024 मध्ये सगळ्या कंपन्यांची माहिती एका ठिकाणी आली. दुसरे काम, सांडव्याच्या वर आणि खाली नदीच्या पाण्याची गुणवत्ता सतत मोजायची. घड्याळाची उणीव भरून काढणारे काम हेच, आणि ते अजून सुरुवातीच्या टप्प्यात आहे.

2022 च्या सरकारी आराखड्याने मुदती घातल्या: 2035 पर्यंत स्नानस्थळांजवळचे सगळे आणि नाजूक निसर्गक्षेत्रांजवळचे तीन चतुर्थांश सांडवे सुधारायचे, 2050 पर्यंत कोणताही सांडवा सरासरीने वर्षातून दहापेक्षा जास्त पावसांत वाहू नये. खर्च आधी 56 अब्ज पौंड, पुढच्या वर्षी आराखडा वाढवल्यावर 60 अब्ज. मुदती फार लांबच्या आहेत, अशी टीका झाली आणि ती मला रास्त वाटते. 2050 साल म्हणजे आज इल्कलीत पोहायला शिकणारे मूल तिशीत जाईल. पण सगळ्या वाहिन्या उकरून मैलापाणी आणि पाऊस पूर्ण वेगळे करायचे, तर सरकारी अभ्यासाने काढलेला खर्च 350 ते 600 अब्ज पौंड होता. शेवटी तो ग्राहकांच्या बिलांतूनच यायचा, हे विसरून कोणी लगेच सगळे बंद करा म्हणत असेल तर ते प्रामाणिक नाही. डिसेंबर 2024 मध्ये नव्या पर्यावरण पहारेकरी संस्थेने, ऑफिस फॉर एन्व्हायरन्मेंटल प्रोटेक्शनने, निष्कर्ष काढला की सरकारचे पर्यावरण खाते, एन्व्हायरन्मेंट एजन्सी आणि ऑफवॉट हे तिघेही आपल्या कायदेशीर कर्तव्यात चुकले. अपवाद म्हणून ठेवलेली मोकळीक त्यांनी नेहमीची होऊ दिली.

सांडवे कमी करायचे मार्ग दोनच. आलेले पाणी साठवा किंवा पाणी येऊच देऊ नका. पहिल्याचे सर्वांत मोठे उदाहरण लंडनमध्ये आहे. टेम्सखाली, पश्चिमेच्या ॲक्टनपासून पूर्वेच्या ॲबी मिल्सपर्यंत 25 किलोमीटर लांब आणि 7.2 मीटर व्यासाचा बोगदा खणला आणि फेब्रुवारी 2025 मध्ये तो पूर्ण जोडला गेला. सर्वांत जास्त वाहणारे 34 सांडवे आता नदीऐवजी त्यात सांडतात. आधीच्या ली बोगद्यासह या जोडीत 16 लाख घनमीटर पाणी मावते, आणि पाऊस ओसरला की ते बेक्टनच्या केंद्रात उपसून शुद्ध करतात. बाझलजेटच्या वाहिन्या आणि हा बोगदा यांच्यात दीडशे वर्षांचे अंतर आहे. खर्च साडेचार अब्ज पौंडांहून जास्त झाला आणि तो टेम्स वॉटरचे ग्राहक बिलातून फेडत आहेत. काम उत्तम झाले आहे. पण देशातल्या चौदा हजार सांडव्यांपैकी त्याने 34 आवरले.

दुसऱ्या मार्गाला प्रसिद्धी कमी मिळते, आणि माझ्या मते भविष्य त्यातच आहे. नॉटिंगहॅमशरमधल्या मॅन्सफिल्ड गावात सेव्हर्न ट्रेंट कंपनीने 7.6 कोटी पौंड खर्चून रस्त्याकडेला खोलगट बागा, पाणी जिरवणारे फरस आणि तळी केली, 5.8 कोटी लिटर पाणी वाहिनीबाहेर थांबवण्यासाठी. आइल ऑफ वाइटवरच्या हेवनस्ट्रीट गावात सदर्न वॉटरने घराघरांच्या पन्हाळींखाली हळूहळू रिकामी होणारी पिंपे दिली, आणि तेवढ्याने सांडव्यांचे वाहणे बरेच कमी झाले. ही कामे स्वस्त पडतात, लवकर होतात आणि रस्ते थंड ठेवतात. मग सगळीकडे का होत नाहीत? कारण काँक्रीटची टाकी कंपनीच्या मालमत्तेत मोजली जाते आणि मालमत्तेवर नियामक परतावा देतो. दुसऱ्याच्या अंगणातले पिंप मोजायला कठीण. ऑफवॉटने 2014 पासून बांधकाम आणि चालवण्याचा खर्च एकत्र धरून ही ओढ कमी करायचा प्रयत्न केला, पण ती पुरती गेली असे मला वाटत नाही.

कायद्यातली एक फट मात्र सरकारच्या हातात आहे. 1991 च्या जल उद्योग कायद्याच्या कलम 106 प्रमाणे नवे घर बांधणाऱ्याला आपल्या छपराचे पाणी सार्वजनिक वाहिनीला जोडण्याचा हक्क आहे. ती वाहिनी आधीच तुडुंब असली तरी. 2010 च्या पूर कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात हा हक्क सशर्त करायची तरतूद आहे. वेल्सने ती जानेवारी 2019 पासून अमलात आणली. इंग्लंडमध्ये ती तशीच पडून आहे. एकीकडे अब्जावधी खर्चून पाणी साठवायचे आणि दुसरीकडे प्रत्येक नव्या वसाहतीचे छप्पर त्याच वाहिनीला जोडू द्यायचे, याचे समर्थन मला सापडलेले नाही.

कंपन्या खाजगी असणे हेच मूळ दुखणे, असे अनेकजण म्हणतात. 1989 मध्ये इंग्लंड-वेल्सच्या दहा कंपन्या विकताना त्यांची कर्जे सरकारने माफ केली होती. आज त्यांच्यावर 60 अब्ज पौंडांहून जास्त कर्ज आहे, आणि त्याच काळात भागधारकांना लाभांश मिळत राहिला. मे 2025 मध्ये ऑफवॉटने टेम्स वॉटरला 12.27 कोटी पौंडांचा दंड केला तो मैलापाण्याच्या नियमभंगासाठी आणि लाभांशासाठी मिळून. या रागाला आधार आहे. तरी स्कॉटलंडमधली पाणी कंपनी सरकारी मालकीची असूनही तिथे सांडव्यांवर यंत्रे बसवायला इंग्लंडपेक्षा उशीर झाला, हेही नोंदवले पाहिजे. मालक बदलल्याने घड्याळ आपोआप बसत नाही. नियामकही बदलतो आहे. 2025 च्या जुलैत जॉन कनलिफ यांच्या आयोगाने 88 शिफारशी केल्या, त्यात ऑफवॉट बंद करण्याची होती आणि सरकारने ती स्वीकारली. 2025 ते 2030 साठी मंजूर झालेल्या 104 अब्ज पौंडांपैकी सुमारे 12 अब्ज सांडव्यांवर खर्च होतील. बिले महागाईशिवाय सरासरी 36 टक्क्यांनी वाढतील.

त्या बिलांपैकी काही मराठी घरांतही जातात. स्लाउ आणि रेडिंग भागात राहणारी बरीच मराठी कुटुंबे टेम्स वॉटरची ग्राहक आहेत, आणि हे पुस्तक त्यांच्यासाठीही आहे. महाराष्ट्रातल्या वाचकाला मात्र सावध करायला हवे. मुंबईत मलवाहिन्या आणि पर्जन्यजलवाहिन्या कागदोपत्री वेगळ्या आहेत, आणि मिठीसारख्या नद्यांत मैलापाणी येते ते ऐन उन्हाळ्यातही. तिथला प्रश्न सांडव्याचा नसून वस्त्यांचे पाणी मलवाहिनीपर्यंत पोचतच नाही हा आहे. इंग्लंडचे आकडे उचलून मुंबईला लावले तर दोन्हीकडचे चित्र बिघडेल. उचलण्यासारखे असेल तर ते नोंद जाहीर करण्याचे बंधन.

शेवटी एक गोष्ट, जी पुढच्या प्रकरणांत फारशी येत नाही कारण तिची आकडेवारी अजून तयार व्हायची आहे. आतापर्यंत जे मोजले ते पावसाळी सांडवे. पंपिंग स्टेशनांवर आणखी वेगळे सांडवे असतात. वीज गेली, पंप बंद पडला, वाहिनी तुंबली की ते वाहतात. पाऊस असो वा नसो. त्यांतून जाणारे मैलापाणी बहुधा जास्त दाट असते, कारण त्यात पावसाचे पाणी मिसळलेले नसते. फेब्रुवारी 2025 मध्ये मंजूर झालेल्या पाणी (विशेष उपाययोजना) कायद्याने या आणीबाणीच्या सांडव्यांवरही नोंदयंत्रे आणि तासाभरात जाहीर करणे बंधनकारक केले. यंत्रे टप्प्याटप्प्याने बसतील. ती बसू लागली की वार्षिक आकडे पुन्हा वाढतील, जसे 2016 नंतर वाढले होते, आणि परिस्थिती बिघडली असे मथळे येतील. त्या वेळी वाचकाने आधी विचारावे की यंत्रे किती नवी बसली.